तीच माणसे, निराळी जाळी



ज्या गुरुवर्यांच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या स्मृतीस प्रथम वंदन करतो. बेळगावातील मराठी शाळेच्या व्यासपीठावर मराठीच्या निवृत्त प्राध्यापकाने उभे राहावे आणि साहित्यावर न बोलता समाजाच्या जाळ्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. विषय वरकरणी गणिताचा वाटतो; तथापि तो भाषेच्या अभ्यासकाला टाळता येणारा नाही, आणि सीमेवर राहणाऱ्या माणसाला तर मुळीच नाही.

विषय थोडक्यात असा. माणसांचा एक ठरावीक संच घ्या. त्यांच्यातील एका प्रकारच्या संबंधांचे जाळे विणा. नंतर त्याच माणसांमधील दुसऱ्या प्रकारच्या संबंधांचे जाळे विणा. दोन्ही जाळ्यांत गाठी त्याच आहेत, धागे मात्र निराळे आहेत. प्रत्येक जाळ्यात काही ठिकाणी धागे दाट असतात, काही ठिकाणी विरळ. दाट भागांना आपण समूह म्हणू. आता प्रश्न असा की, पहिल्या जाळ्यातील समूह आणि दुसऱ्या जाळ्यातील समूह एकमेकांशी कितपत जुळतात? आणि ते जुळतात की नाही, यावरून त्या समाजाविषयी काय कळते?

शाळेचा हजेरीपट हे याचे सर्वांत जवळचे उदाहरण होय. हजेरीपटावर चाळीस नावे असतात. ती नावे कायम ठेवून आपण विचारू शकतो : कोण कोणाशेजारी बसते, कोण कोणाबरोबर डबा खाते, कोण कोणत्या रस्त्याने घरी जाते, कोणाच्या घरी कोणती भाषा बोलतात. प्रत्येक प्रश्नागणिक त्याच चाळीस मुलांचे निराळे जाळे तयार होते. एकेका वर्गाचा असा नकाशा काढू लागलो, तर 'या वर्गात किती गट आहेत?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही, हे प्रथम ध्यानात येते. जितके संबंध, तितकी उत्तरे.

मग या उत्तरांची तुलना करायची कशी? सोपी युक्ती अशी की, गटांची नावे विसरून जायची आणि जोड्या मोजायच्या. १९७१ साली विल्यम रँड यांनी ही रीत मांडली. समजा, अ, आ, इ, ई, उ, ऊ अशी सहा मुले आहेत. घरच्या भाषेनुसार अ, आ, इ हा एक गट आणि ई, उ, ऊ हा दुसरा. मैदानावर मात्र अ, आ, ई एकत्र खेळतात आणि इ, उ, ऊ एकत्र. सहा मुलांच्या एकूण जोड्या १५ होतात. त्यांपैकी अ-आ आणि उ-ऊ या २ जोड्या दोन्हीकडे एकाच गटात आहेत. ५ जोड्या दोन्हीकडे वेगळ्या गटांत आहेत. म्हणजे ७ जोड्यांच्या बाबतीत दोन्ही जाळी एकच गोष्ट सांगतात आणि ८ जोड्यांच्या बाबतीत त्यांचे एकमत नाही.

१५ पैकी ७ म्हणजे जवळजवळ निम्मे साम्य, असे कोणीही म्हणेल. येथेच सावध राहिले पाहिजे. सहा मुलांचे तीन-तीन असे दोन गट एकंदर १० प्रकारे पाडता येतात. त्यांपैकी एक प्रकार पहिल्या वाटणीशी तंतोतंत जुळतो आणि त्यात १५ पैकी १५ गुण मिळतात. उरलेल्या नऊही प्रकारांत ७ च गुण मिळतात, कमी नाहीत आणि अधिकही नाहीत. चिठ्ठ्या टाकून गट पाडले असते, तरी सरासरीने ७.८ गुण पडले असते! तेव्हा आपले ७ हे निम्मे साम्य नव्हे. येथे ती शक्य असलेली सर्वांत कमी जुळणी होय. म्हणूनच, योगायोगाने जेवढे साम्य आले असते ते वजा करून उरलेलेच साम्य खरे मानावे, अशी दुरुस्ती ह्यूबर्ट आणि अ‍ॅराबी यांनी १९८५ साली सुचविलेल्या सूत्रात आहे. समाजाविषयी बोलताना 'निम्मे लोक असे' किंवा 'बहुतेक लोक तसे' असे आपण सहज म्हणून जातो. अशा प्रत्येक विधानापुढे 'योगायोगाने किती झाले असते?' हा प्रश्न ठेवावा, एवढे जरी या गणितातून घेतले तरी पुष्कळ झाले.

आणखी एक बारकावा. धागे जुळणे निराळे आणि समूह जुळणे निराळे. पाच मुले वर्तुळात उभी आहेत असे समजा. प्रत्येकाने शेजारच्या दोघांचे हात धरले, तर पंचकोन होतो. प्रत्येकाने शेजारचे सोडून पलीकडच्या दोघांकडे दोरी फेकली, तर चांदणी होते. पंचकोनाच्या ५ धाग्यांपैकी एकही चांदणीत नाही. तरी दोन्ही वेळा ती पाच मुले एकाच समूहात आहेत. म्हणजे संबंध पूर्णपणे बदलूनही समूह तोच राहू शकतो. पिढ्या बदलतात, व्यवहार बदलतात, तरी एखादा समाज स्वतःला तोच समाज समजतो, त्याचे मर्म काही अंशी येथे आहे.

आता हिशेब बाजूला ठेवून प्रत्यक्ष माणसांकडे येऊ. अमेरिकेत शिकागोजवळ हॉथॉर्न येथे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा दूरध्वनीची सामग्री बनविणारा मोठा कारखाना होता. तेथील एका खोलीत १४ कामगारांचे १९३१ च्या नोव्हेंबरपासून १९३२ च्या मेपर्यंत बारकाईने निरीक्षण करण्यात आले. नऊ जण तारा जोडणारे, तिघे झाळकाम करणारे आणि दोघे तपासनीस. कोण कोणाशी खेळतो व पैजा लावतो, कोणाची कोणाशी मैत्री आहे, कोणाचे कोणाशी वाकडे आहे, खिडकी उघडी ठेवावी की बंद यावरून कोण भांडतो, कोण कोणाला कामात हात देतो, अशा निरनिराळ्या संबंधांची स्वतंत्र टिपणे ठेवली गेली. रॉथलिसबर्गर आणि डिक्सन यांनी ती १९३९ साली प्रसिद्ध केली. चौदा माणसे तीच, जाळी अनेक.

खेळाच्या जाळ्यात खोलीचे दोन तुकडे स्पष्ट दिसले : पुढच्या भागात बसणाऱ्यांचे एक टोळके, मागच्या भागात बसणाऱ्यांचे दुसरे, आणि दोहोंबाहेर राहिलेले काही. मैत्रीही बहुतांशी याच रेषेने गेली. मदतीचे धागे मात्र या सीमेपाशी थांबले नाहीत. ते खोलीभर पसरले होते. जॉर्ज होमन्स यांनी १९५० साली या टिपणांचा पुन्हा विचार करताना नेमके यावर बोट ठेवले : इतर व्यवहार खोलीला विभागत होते, मदत तिला एकत्र आणत होती. केवळ खेळाचे जाळे पाहणारा निरीक्षक 'येथे दोन गट आहेत' असे म्हणून परतला असता. केवळ मदतीचे जाळे पाहणाऱ्याला गट दिसलेच नसते. दोघांचेही म्हणणे खरे, आणि दोघांचेही अपुरे.

दुसरे उदाहरण पंधराव्या शतकातील इटलीतील फ्लॉरेन्स या नगराचे. जॉन पॅजेट आणि ख्रिस्तोफर अ‍ॅन्सेल यांनी १९९३ साली मेडिची घराण्याच्या उदयावर एक गाजलेला निबंध लिहिला. त्यांनी जमविलेल्या सामग्रीतून निवडलेला १६ घराण्यांचा एक छोटा तक्ता जगभर अभ्यासक वापरतात. त्यात दोन जाळी आहेत : सोयरिकीचे आणि व्यापाराचे. सोळा घराण्यांच्या १२० जोड्या होतात. त्यांपैकी २० जोड्यांत विवाहसंबंध आहेत, १५ जोड्यांत व्यापारी संबंध आहेत आणि ८ जोड्यांत दोन्ही आहेत. दोन्ही जाळी एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखी असती, तर अशा जोड्या सरासरीने अडीचच निघाल्या असत्या. म्हणजे त्या नगरात लग्न आणि व्यापार एकमेकांचा हात धरून चालत होते, असे म्हणण्यास आधार आहे.

परंतु एकेका घराण्याकडे पाहिले की चित्र पालटते. स्ट्रोझी या मातब्बर घराण्याला या तक्त्यात ४ घराण्यांशी सोयरीक आहे, व्यापारी धागा मात्र एकही नाही. हजेरीपटावर नाव असून एखाद्या जाळ्यात हजेरी नसणे, असा हा प्रकार. मेडिचींचे सोयरे ६ आणि व्यापारी भागीदार ५. त्यांत दोन्हीकडे असलेली घराणी ३. उरलेल्या सोयऱ्यांपैकी आच्चायुओली, आल्बिझी आणि रिदोल्फी ही तिन्ही घराणी व्यापाराच्या जाळ्यात अगदी एकटी आहेत. एका जाळ्यात पोहोचता येते, दुसऱ्यात येत नाही, अशी अनेक घराणी मेडिचींभोवती होती. पॅजेट आणि अ‍ॅन्सेल यांनी अधिक व्यापक सामग्रीवरून दाखविले ते हेच : मेडिचींच्या पक्षातील माणसांना एकमेकांशी जोडणारा दुवा बहुधा मेडिची हाच होता. त्यांच्या विरोधकांचे आपापसांतील संबंध मात्र दाट आणि गुंतागुंतीचे होते. १४३३ साली कोसिमो मेडिचीला नगराबाहेर घालविण्यात आले आणि १४३४ साली तो परत आला, तो नगराचा सूत्रधार होऊनच. त्याला घालविण्यात पुढाकार होता तो आल्बिझी पक्षाचा. सोयरीक असली म्हणजे वैर नसते, असे नव्हे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या दोन उदाहरणांतून दोन निराळे निष्कर्ष निघतात. हॉथॉर्नच्या खोलीत जाळी एकमेकांना छेदत होती, म्हणून खोली एकसंध राहिली. फ्लॉरेन्समध्ये जाळी जेथे एकमेकांपासून दूर होती, तेथे मधल्या माणसाच्या हाती सत्ता आली. म्हणून जाळी छेदणे हे नेहमीच सर्वांच्या हिताचे असते, असे भाबडे विधान मी करणार नाही. छेदाच्या जागी कोण उभा आहे आणि किती जण उभे आहेत, हे पाहावे लागते. तेथे एकच जण असेल तर तो धनी होतो. पुष्कळ जण असतील तर समाज सावरतो. जर्मन समाजचिंतक गेओर्ग झिमेल यांनी १९०८ साली समाजातील वर्तुळांच्या परस्परछेदाचा विचार मांडला. व्यक्ती ज्या ज्या वर्तुळांत वावरते, त्यांच्या छेदातूनच तिचे वेगळेपण घडते, हा त्यातील गाभ्याचा विचार आजही ताजा आहे.

आता आपल्या घरी येऊ. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या भारतीय नातेसंबंधांवरील ग्रंथात भाषेचे प्रदेश आणि नात्यांच्या रीती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. भाषाकुळाच्या जाळ्यात मराठी ही हिंदी, गुजराती, बंगाली यांच्या बाजूला जाते. परंतु विवाहाच्या रीती पाहिल्या, तर मराठी मुलखातील अनेक जातींत मामाची मुलगी करण्याची चाल आहे. उत्तरेत ती सामान्यतः निषिद्ध, तर कर्नाटकात आणि आंध्रात सर्रास. एकच मराठी समाज भाषेने एका गटात आणि सोयरिकीने दुसऱ्या गटाच्या निकट, असे हे चित्र आहे. भक्तीचे जाळे काढावे तर आणखी तिसरेच. पंढरीच्या वाटेवर मराठी वारकऱ्याबरोबर कन्नड भाविकही चालतो, आणि कन्नड हरिदासांच्या रचनांतील नाममुद्रांमध्ये विठ्ठल ठाण मांडून बसलेला आहे. पुरंदरदासांची 'पुरंदरविठ्ठल' ही मुद्रा सर्वांना ठाऊक आहेच.

याहून सूक्ष्म उदाहरण आपल्यापासून फार दूर नाही. सांगली जिल्ह्यातील, इंग्रजी लेखनात 'कुपवार' या नावाने आलेल्या एका गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केला आणि १९७१ साली तो प्रसिद्ध झाला. वस्ती सुमारे तीन हजारांची. जैन आणि लिंगायत घरांत कन्नड, मुसलमान घरांत उर्दू, दलित घरांत मराठी, आणि थोड्या घरांत तेलुगू. घरच्या भाषेचे जाळे काढले तर गावाचे तुकडे स्वच्छ वेगळे दिसतात. त्याच घरांमधील कामाचे जाळे काढले, म्हणजे शेतमालक आणि मजूर, कारागीर आणि गिऱ्हाईक असे धागे ओढले, तर ते तुकडे एकमेकांत मिसळतात. या दुसऱ्या जाळ्यात बहुधा मराठी चाले. ती गावातील बड्या जमीनदारांची घरभाषा नव्हती. कोणाच्या घराची ओळख न पुसता सर्वांना वापरता येईल अशी ती मधली भाषा होती.

याचा भाषेवर जो परिणाम झाला, तो मला फार मोलाचा वाटतो. तिन्ही प्रमुख भाषांचे शब्द बव्हंशी आपापले राहिले, परंतु वाक्यांची घडण एकमेकींच्या इतकी जवळ आली की एका भाषेतील वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसऱ्या भाषेत नेता यावे. 'हे तुमचे घर' असे सांगताना प्रमाण कन्नडला क्रियापदाची गरज नसते; गावच्या कन्नडात मात्र मराठीतील 'आहे'सारखे क्रियापद येऊन बसले. माझ्या शब्दांत सांगायचे तर, शब्द घराच्या जाळ्यात राहिले आणि वाक्यरचना शेताच्या जाळ्यात घडली. समाजातील दोन जाळ्यांमधील फरक भाषेने आपल्या अंगावर असा नोंदवून ठेवला. डॉ. सोनल कुलकर्णी-जोशी यांनी २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या लेखात या गावातील चार दशकांच्या भाषाबदलाचा मागोवा घेऊन त्या मूळ मांडणीची चिकित्सा केली आहे. तसे होणे आवश्यकच होते. जाळी स्थिर नसतात. शाळा, रोजगार, राज्याची भाषा बदलली की धागे बदलतात, आणि वाक्येही बदलू लागतात.

आपल्या बेळगावच्या बोलीत 'मी काम केलो' असे ऐकू येते. या शाळेत शिकलेल्या कित्येकांच्या वहीत अशा वाक्यावर लाल रेघ उमटली असेल. प्रमाण लेखनाच्या दृष्टीने ती रेघ योग्यच आहे. परीक्षेत 'मी काम केले' असेच लिहावे. परंतु त्या 'केलो'कडे अडाणीपणाची खूण म्हणून पाहू नये. कन्नडमध्ये क्रियापद कर्त्याच्या मागे जाते. तीच चाल या मराठीने उचललेली दिसते. घरात मराठी, बाजारात कन्नड, दोन्ही जाळ्यांत तीच माणसे, याची ही बोलकी साक्ष होय. पुण्यातील नातेवाईक हसले म्हणून आपण ही साक्ष पुसून टाकण्याचे कारण नाही.

आता थोडे अवघड बोलतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून या भागाने भाषेच्या प्रश्नावर पुष्कळ सोसले आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्यातील न्याय-अन्यायाचा निवाडा हा आजचा विषय नाही, आणि ज्यांनी सोसले त्यांच्या सोसण्याला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. पण अभ्यासक म्हणून एक सांगणे माझे कर्तव्य आहे. जनगणनेत मातृभाषा विचारतात, आणि मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषाही विचारतात. पहिल्या उत्तरातून समाजाचे गट पडतात. दुसऱ्या उत्तरातून त्या गटांना जोडणारे धागे दिसतात. सीमेच्या वादात दोन्हीकडचे लोक पहिला रकाना वाचून दाखवितात. दुसरा रकाना वाचण्याचे कष्ट कोणी घेत नाही. प्रशासनाला नकाशावर रेषा ओढावी लागते, आणि रेषेला एकच जाळे दिसते. माणसाने मात्र रेषेच्या डोळ्यांनी शेजाऱ्याकडे पाहू नये.

खरा धोका जाळी वेगळी असण्यात नसून ती सारी एकाच ठिकाणी फाटण्यात आहे. घरची भाषा, वस्ती, शाळा, दुकान, मैदान आणि मैत्री या सर्वांचे गट हळूहळू एकच होऊ लागले, म्हणजे आपल्या सहा मुलांच्या उदाहरणात १५ पैकी १५ जोड्या जुळल्या, की त्या समाजात आडवा धागा उरत नाही. एका जाळ्यात भांडण झाले तर दुसऱ्या जाळ्यातून समजूत घालायला जाणारा माणूसच नसतो. उलट दुसरीकडे, घरचे जाळेच विरून गेले आणि सारे केवळ बाजाराच्या भाषेत बोलू लागले, तर छेदण्यासाठीही काही शिल्लक राहत नाही. सीमेवरील मराठी शाळेला या दोन्ही बाजूंनी सांभाळावे लागते. तिने घरच्या भाषेचे जाळे घट्ट विणावे, कारण ते विणणारी दुसरी संस्था येथे फारशी नाही. त्याच वेळी इतर जाळ्यांकडे जाणारी दारे तिने मोकळी ठेवावीत. चांगली मराठी आणि चांगली कन्नड शिकविणे यांत मला विरोध दिसत नाही. एकाच मुलाच्या दोन हातांचे ते दोन धागे आहेत.

माजी विद्यार्थ्यांना शेवटी एक प्रत्यक्ष काम सुचवितो. आपल्या संघाकडे जुने हजेरीपट असतील. एकेका तुकडीने एकत्र बसून, नावे बाहेर न देता, तीन साधी जाळी काढावीत : शाळेत असताना आपण कोणाबरोबर असू, आज कोणाशी संबंध आहे, आणि दुसरी भाषा आपण कोणाकडून शिकलो. मग जोड्या मोजाव्यात, आणि योगायोग वजा करावा. पहिले आणि दुसरे जाळे किती जुळते, ते पाहून मौज वाटेल. तिसरे जाळे मात्र काळजीपूर्वक जपून ठेवावे. शेजारच्या घरातील, मैदानावरील, दुकानातील ज्या माणसांनी आपल्याला त्यांची भाषा दिली, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती तुम्ही केलीत तर पुढच्या अभ्यासकाला या गावाचा खरा नकाशा मिळेल.